चकतीची कड

"कड घासली का?" असं विचारल्याशिवाय मेश्राम सर कुठलीच गोष्ट खरी मानत नसत. कॉलेजला नवी इमारत मंजूर झाल्याचं प्राचार्यांनी सांगितलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. प्राचार्यांना वाटलं, रंगकामाबद्दल बोलताहेत.

वर्ध्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवायचो. उरलेल्या वेळात सिरॅमिकच्या भुकटीत निकेलची भुकटी मिसळून गुंडीएवढ्या चकत्या दाबायच्या, हवाबंद भट्टीत भाजायच्या, दोन्ही अंगांना चांदीचा लेप द्यायचा आणि वीज वाहते का ते मोजायचं. सिरॅमिक वीज अडवतं. निकेलचे कण पुरेसे झाले की एकमेकांना टेकतात आणि वीज एकदम वाहू लागते. हे कमीत कमी निकेलमध्ये साधायचं, एवढाच सरांचा जन्मभराचा ध्यास. लेप कडेवर ओघळला, तर वीज आतून न जाता कडेवरून पळते आणि खोटा आकडा देते. म्हणून कड घासायची.

सरांच्या घशात गाठ निघाली, त्याच महिन्यात एका चकतीतून नाममात्र निकेल असताना वीज वाहिली. लेप मी दिला होता. सर आकड्याकडे बघत राहिले. "आता मराले हरकत नाई, बाबू." तेवढं एकदाच त्यांनी कडेचं विचारलं नाही. मीही आठवून पाहिलं नाही.

कॉलेजने सत्कार ठरवला. प्रयोगशाळेत कधी पाऊल न टाकलेले चार जण त्या चकतीवर बोलणार होते. त्या सकाळी सर आपल्या गावाहून, आंजीहून, पहिल्या एसटीने आले, माझ्यासमोर सँडपेपरने चकतीची कड घासली आणि पुन्हा मोजलं. काहीच वाहिलं नाही.

"काऊन गा, तुले माहीत होतं?"

"नाही, सर."

"मले होतं. म्हणूनच इतके दिवस घासली नाई."

माइकवर ते म्हणाले, "करंट चकतीतून नाई, बाहेरून गेलता. हार परत न्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाषण संपलं की वाजवायच्या असतात.

पुढे गाठीने सरांचा आवाज गेला. सर सेवाग्रामच्या दवाखान्यात पडून, आणि मी वेड्यासारखा चकत्या भाजत होतो. नऊ भाजल्या. नऊही मुक्या. शेवटी जाऊन सांगितलं, "वाहिली, सर."

त्यांनी अंगठा उचलला आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर दोनदा घासला.

हो म्हणता आलं असतं. मी मान हलवली: नाही. सरांनी माझा हात थोपटला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दुपारी ते गेले.