बिनटोकाची पट्टी

सत्तरचं दशक संपत आलं होतं. धागा तुटताच माग थांबवणारी डबी करून दाखवतो, अशी बढाई मी माधवनगरच्या गिरणीत मारून बसलो होतो. शेट म्हणाले, "सोमवारी दाखवा. न्हाई जमलं तर गावाकडं जाऊन ऊस लावा." उसाचं काही नव्हतं, पण गिरणी माझ्याच डोक्यावर चालते, असं आमच्या गावी शिराळ्यात आधीच सांगून झालं होतं.

डबीतली चिप इवलीशी. तिच्यावरच प्रोग्राम लिहिणं म्हणजे रांगत्या पोराकडून अर्ज लिहून घेणं. म्हणून सांगलीच्या एका कॉलेजातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी तिची भाषा शिकवली. मी आज्ञा लिहायच्या, त्यानं त्या चिपच्या आकड्यांत उतरवून कागदी पट्टीवर भोकं पाडायची. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांवर असे तापलो, की शेजारच्या खोलीत पापड वाळले. निघालेली पट्टी कृष्णेच्या पुलावर अंथरली असती, तर पलीकडं उरली असती.

ती गिरणीत ठेवून मी जेवायला गेलो. तिथले चाचा नक्षीच्या मागाचे उस्ताद. भोकं पाडलेले पुठ्ठे ओवून त्यांची गोल माळ करण्यात त्यांची हयात गेलेली. माळ फिरत राहते, नक्षी उमटत राहते. त्यांनी माझ्या पट्टीचं शेवटचं टोक छाटलं आणि ते पहिल्याला खळीनं चिकटवलं.

सोमवारी शेटसमोर डबी पट्टी वाचू लागली. एक फेरा, दुसरा, सातवा. "प्रोग्राम संपला" सांगणारी भोकं छाटली गेली होती, त्यामुळे ती थांबेचना. मी चाचांकडं बघितलं.

"तुटकी हुती, जोडली," ते म्हणाले. "जोड दिसतोय का बघा."

"काय चाललंय हे?" शेटनी विचारलं.

"पाठ करतीय," मी ठोकून दिलं.

"किती वेळा?"

"नवी हाय, शेट. घोकल्याबिगर बसत न्हाई."

बोलता बोलताच उजेड पडला. शेवटाची खूण गेली, तरी बाकी प्रोग्राम आत पोचलाच होता, तोही सातदा. मी वाचन थांबवून प्रोग्राम चालू करायचं बटण हातानं दाबलं, माग सुरू केला. शेटनी स्वतः कात्रीनं धागा तोडला. माग असा जागीच थांबला, की शेजारचे चार माग बघायला थांबले.

शेट मात्र पट्टीकडंच बघत होते. "ही का थांबली?"

"तिचं काम झालं."

"माळ थांबली की कापड थांबतं. मला शिकवता व्हय?"

"बराबर हाय," चाचा म्हणाले.

मी वाद घातला नाही. नोकरी टिकली. मात्र पट्टीसाठी वेगळी मोटर बसवावी लागली. कशालाही न जोडलेली ती पट्टी दोन वर्षं काचेमागं फिरत होती, आणि पाहुणे आले की शेट डबी सोडून तीच दाखवत.