आजचा ढीग, कालचा ढीग

पुण्याची नोकरी सोडून मी माझ्या गावी, उंद्रीला परत आले, तेव्हा आईला आनंद झाला आणि बाकी गावाला संशय आला. मी घरून एका छोट्या संकेतस्थळाचं काम करत होते. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना तिथं जाहिराती शोधता यायच्या: पेरणीयंत्र भाड्यानं, हरभऱ्याचं बियाणं, गोऱ्ह्यांची जोडी. ताजी जाहिरात वर दिसावी, जुनी खाली जावी, एवढंच मागणं. ते मी मोठ्या हौसेनं केलं आणि तिथंच माती खाल्ली.

रब्बीची पेरणी आली, सकाळी सगळे एकदम शोधू लागले आणि शोध रांगायला लागला. खरं तर एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवायची सोय होती. दुसऱ्यानं तेच विचारलं की तेच द्यायचं. पण जपलेलं उत्तर कधी कामीच येईना. संकेतस्थळाचे मालक फोनवर म्हणाले, सोमवारपर्यंत बघा, नाहीतर काम पुण्याच्या कंपनीला देतो. म्हणजे माझीही पुण्याला रवानगी. मला जायचं नव्हतं, आणि त्या रागात मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

आईनं वैतागून मला अमडापूरच्या बाजारात पिटाळलं. तिथले सीताफळवाले चाचा माझे ओळखीचे. समोर आजचा ढीग, मागं कालचा. मी उगाच खोडी काढली, "चाचा, यातलं सगळ्यात ताजं कोणतं? किती वाजता तोडलं?"

"वाजले कोण पाह्यते, ताई? आजचं ते आजचं, कालचं ते कालचं. हर गिऱ्हाईकासाठी ढीग नव्यानं लावत बसलो तं इकू कवा?"

"आणि दुपारी नवीन माल आला तर?"

"तं तवा एकडाव लावतो. मंग पुन्हा तोच."

मी तिथंच कपाळावर हात मारला. मी जाहिरातीचं वय मोजत होते ते शोधणाऱ्यानं बटण दाबल्याच्या क्षणापर्यंत, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात! त्यामुळे तोच प्रश्न यंत्राला दर वेळी नवा वाटायचा, आणि ते बिचारं दर वेळी ढीग नव्यानं लावायचं. घरी येऊन मी वय दिवसांत मोजायला लावलं, आणि नवी जाहिरात आली तरच जपलेली उत्तरं पुसायची असं ठरवलं. सोमवारी सकाळी शोध वाऱ्यासारखा धावला. चार वर्षं पुण्यात मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली शिकले, पण इतकं स्वच्छ डोकं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला चाचांना सगळं सांगितलं. ते पुरतं ऐकून म्हणाले, "मंग आता पुण्याले नाही जात ना?"

"नाही."

त्यांनी माझी पिशवी घेतली आणि मागच्या ढिगातली तडकलेली, मऊ सीताफळं भरली. मी बघतच राहिले. मला ते नेहमी समोरची, देखणी द्यायचे.

"आजचे पाहुण्याईले," ते म्हणाले. "घरच्याईले कालचे. गोड तेच असतात."