आखजीचे लाल पापड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढं बसले तरी मनातल्या मनातसुद्धा पुरतं उच्चारलेलं नाही. देवाला ठाऊक असेल म्हणून सोडून द्यायचं — सोपं असतं ते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण.

गोष्ट पापडाची आहे. हसू नका. म्हणजे हसा हवं तर, मीही पुष्कळ वर्षं ती हसण्यावारी नेली.

मी खामगावची. वडलांचं किराणा दुकान. कापसाच्या जिनिंगच्या बाजूला राहणारी, रेल्वे रोज पाहिलेली मुलगी अमडापूरला शेतकऱ्याच्या घरी दिली, याचा मला राग होता आणि तो मी लपवत नव्हते. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, माझं लग्नही. स्वयंपाकात मी माझं खामगाव दाखवायची. दुकानातून मसाल्याच्या पुड्या यायच्या. दगडफूल, नाकेसर, काय काय. भाजीवर बोटभर तर्री आली पाहिजे, असा माझा कायदा होता. सासरे मुकाट्यानं जेवायचे. मला वाटायचं, आवडतं.

मग धाकटी जाऊ आली, गिरजा. रोहिणखेडच्या पलीकडच्या एका वाडीतली. आली तेव्हा तिला वेलदोडा फोडून खायचा असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं, आणि ते मी गल्लीभर सांगितलं. पण पहिल्याच आठवड्यात तिनं अंबाडीची भाजी केली. काय होतं त्या भाजीत? ज्वारीच्या कण्या, लसूण, हिरवी मिरची, मीठ, आणि गावच्या तेलघाण्याचं करडईचं तेल. पाच वस्तू, त्यातल्या चार घरच्या. सासऱ्यांनी अर्धी भाकर जास्त मागून घेतली. माझा नवरा, ज्यानं माझ्या हातच्या जेवणाला तीन वर्षांत बरं म्हटलं नव्हतं की वाईट, तो बोटं चाटत म्हणाला, "याले म्हणते जेवण."

मीही खाल्ली. चांगली होती. हे त्याच दिवशी मोकळेपणानं म्हटलं असतं तर पुढचं झालं नसतं का? कोण जाणे. मी म्हटलं नाही. मी नाक मुरडलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

एक सांगून ठेवते — गिरजा वाईट नव्हती. आगाऊ नव्हती, लावालावी करणारी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. ती मला बाई म्हणायची, माझ्या पोराला कडेवर घेऊन फिरायची, आणि भाजी बिघडली तर चूक स्वतःवर घ्यायची. अशा माणसाचा राग धरायचा म्हणजे फार मेहनत लागते. मी ती मेहनत केली.

त्या साली चैत्रात ती महिनाभर माहेरी राहून आली. आल्यावर दोनच दिवसांनी, गोठ्यामागं शेण थापताना, मला हळूच म्हणाली, "बाई, दोन महिने झाले. कोनाले सांगजा नोका. मांगच्या खेपी लवकर सांगतलं अन् वाया गेलं." तिसरा महिना पुरा होईतो सासूबाईंनाही कळवायचं नाही, नवऱ्यालाही नाही, असं तिनं ठरवलं होतं. नजर लागते म्हणे. मग मला का सांगितलं? तिला कुणाला तरी सांगायचं होतं आणि घरात मी होते. तिचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या पोटात त्या दिवशी काय दुखलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मला एक मुलगा होता, मला काय कमी होतं?

मग पापड आले. घरच्या उडदाचे. चैत्राचं ऊन चढलं की गल्लीतल्या बाया एकेका घरी जमायच्या, आज आमच्याकडं, उद्या त्यांच्याकडं. उडदाचं पीठ, त्यात पापडखाराचं पाणी, मग तेलाचा हात लावून ते पीठ पाट्यावर कुटायचं, दोऱ्यानं लाट्या पाडायच्या आणि लाटत बसायचं. कच्ची लाटी तेलात बुडवून खायला मिळायची. त्याच्यापुढं सणाचं पक्वान्न फिकं. मी आजही खाते.

खार माझ्याकडं असायचा, कारण तो माझ्या वडलांच्या दुकानातला. त्या वर्षी पुडी देताना वडील म्हणाले होते, हा खार तेज आहे, नेहमीच्या निम्मा घाल, जास्त पडला तर पापड तळताना लाल होतील. हे नीट लक्षात ठेवा. आमच्या गल्लीत खाराची ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. बाकीच्या बायांना लाल पापडाचं एकच कारण माहीत होतं — बाहेरची बाई, म्हणजे कावळा शिवलेली बाई, पापडाला शिवली किंवा तिची सावली पडली.

मी खाराचं पाणी उकळत ठेवलं होतं, आणि ओसरीवर बाया गिरजाच्या अंबाडीच्या भाजीचं कौतुक करत होत्या. कुणीतरी म्हणालं, "खामगाववालीनं शिकून घ्या तिच्यापासून." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता पुडी अख्खी रिकामी केली. मुद्दाम नाही. रागात वडलांचं बोलणं विसरले. इथपर्यंत मी फक्त वेंधळी होते.

पीठ झाल्यावर गिरजानं पहिली लाटी तोंडात टाकली आणि म्हणाली, "बाई, खार जरा जास्त लागते." तेव्हा मला आठवलं. तेव्हा बोलले असते तर पिठात पीठ मिसळून निभलं असतं. मी म्हणाले, "दुकानचा खार असाच लागते. तुमच्या वाडीत कुठून मिळंल?" बाया पुन्हा हसल्या, या वेळी तिला. मला बरं वाटलं. शंभरावर पापड लाटले त्या दिवशी, दोन बाजा भरून.

आखजीला, अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं पितरांचं पान वाढतात आणि त्या पानात वर्षाचा पहिला पापड जातो. सासूबाईंनी कढई ठेवली, पापड सोडला. तो फुलला आणि विटकरीसारखा लाल झाला. दुसरा सोडला, तसाच. तिसरा. चौथा त्यांनी सोडला नाही. झारा कढईवर धरून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कोन होतं बाहेरचं?"

चुलीपाशी आम्ही तिघीच. माझ्या तोंडात उत्तर होतं. चार शब्दांचं — माझ्याकडून खार जास्त पडला. काय झालं असतं? खामगावची शहाणी फसली म्हणून गल्ली आठ दिवस हसली असती. एवढंच. मी ते आठ दिवस वाचवले.

मी म्हणाले, "पापडाच्या आदल्या दिवशी गिरजाचा कपडा कुंपणावर वाळत होता, आत्याबाई. मले वाटलं, तिनं सांगतलं असंल तुमाले."

हा तो कबुलीजबाब. कपडा नव्हता. कसा असेल? तिला दिवस गेले होते, आणि ते या जगात फक्त मला माहीत होतं.

गिरजा म्हणाली, "नाई आत्याबाई. मी नव्हती बाहेरची." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. ती वाट पाहत होती — मी सांगेन म्हणून. तिनं स्वतः सांगितलं असतं तर पोटातल्याला नजर लागली असती, मी सांगितलं तर तो दोष तिचा नव्हता, असा काहीतरी तिचा हिशेब असेल. मी पितरांचं पान सरळ करत बसले.

सासूबाईंनी पापड गोठ्यात ओतले. गिरजाला डोक्यावरून न्हायला लावलं, पितरांची माफी मागायला लावली, आणि नव्या पापडांसाठी पाच पायल्या उडीद तिच्यापुढं ठेवला. गावात चक्की होती. पण सासूबाई म्हणाल्या, "चक्कीवर नाई. हातानं बिघडवलं, हातानंच भर." जात्यावर दळायचा, एकटीनं.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला ती माझ्याजवळ आली. हात सुजले होते. म्हणाली, "बाई, तुमी सांगा ना आत्याबाईले. माह्यानं जातं नाई ओढवत."

मी म्हणाले, "उद्या पाहू."

दुसरा दिवस गेला. मी जात्याचा आवाज ऐकत माझ्या पोराला भरवलं. मला दया आली का? हे मी स्वतःला खूपदा विचारलंय, आणि खरं उत्तर असं आहे की आली नाही. मला मजा येत होती. तिच्या हाताची चव सगळ्यांना आवडत होती ना, मग त्याच हातांना दळू द्या. असं मनात म्हटलं होतं मी, याच शब्दांत.

तिसऱ्या दिवशी दुपारी जातं थांबलं. मी आत गेले तर ती खुंटा धरून तशीच बसली होती आणि लुगडं भिजलं होतं.

तेव्हा तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई माझ्याकडं वळल्या. "तुले ठाऊक होतं काय वं?"

"मले काय ठाऊक?" मी म्हणाले. "मले नाई सांगतलं तिनं."

"दिवस गेले अस्ते तं जावेले नस्तं सांगतलं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मते प्रश्न मिटला. विटाळ लपवला आणि वर पोटुशी असल्याचं सोंग केलं — दोन दिवसांत गल्लीला हेच माहीत झालं. रक्त तर सगळ्यांनी पाहिलं होतं. आणखी पुरावा काय हवा?

जात्यामुळं गेलं की जाणारच होतं? हा प्रश्न मी मुद्दाम पुढं नेत नाही. त्याचं मला सोयीचं उत्तर मिळेल.

उरलेला उडीद मी आणि सासूबाईंनी दळला. पापड पुन्हा झाले. या वेळी मी खार निम्मा घातला, चमच्यानं मोजून. तळले तर पांढरेशुभ्र, हातभर फुललेले. गिरजा बाजूला बसलेली होती, लाटायला नव्हती, म्हणजे दोष तिचाच होता हेही सिद्ध झालं. सासूबाई पापड उन्हाकडं धरून म्हणाल्या, "पाहा." मी त्यातले चार खाल्ले.

त्यानंतर गिरजाला कुणी पापडाला बोलावलं नाही. कुरडयांना नाही, वड्यांना नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नाही. वाटण्या झाल्या, सासूबाई गेल्या, तरी नाही. पुढं तिला मूल झालं नाही. माझी तिन्ही पोरं मात्र तिच्या हातचं खाऊन वाढली, कारण रोजच्या भाजीभाकरीला तिचा हात चालत होता. माझ्या मसाल्याच्या पुड्या कधीच बंद झाल्या. घरात तिच्यासारखं जेवण हवं होतं सगळ्यांना, मलासुद्धा. ती शेजारच्या दोन खोल्यांत राहते. अंबाडी निघाली की अजून माझ्यासाठी वाटी आणते.

यंदाही आणली. माझी सून अंगणात पापड घालत होती. बाजेवर लुगडं, लुगड्यावर पापड. मी खाराची पुडी घेऊन सावलीत बसले होते. गिरजा वाटी घेऊन फाटकातून आली आणि थांबली. तिनं वर उन्हाकडं पाहिलं, मग खाली आपल्या सावलीकडं पाहिलं, आणि भिंतीला घासत, लांबून, सावली बाजेवर पडणार नाही अशी वळसा घालून आली. केस पांढरे झालेत तिचे. कंबर वाकलीय. तिला काय विटाळ व्हायचा राहिलाय?

सून हसली. म्हणाली, "काकू, आता कायची सावली घेऊन बसल्या? या, लाटी खा." आणि तेलात बुडवलेली लाटी तिच्या हातावर ठेवली.

गिरजानं ती तोंडात टाकली. दात नाहीत, हिरड्यांनीच सावकाश चघळली. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "यंदा खार बराबर पडला, बाई."

तिला कळलंय. कधी कळलं, कुणी सांगितलं, की त्याच दिवशी लाटी खाताना कळलं होतं — मी विचारलं नाही. तिनं वाटी माझ्यापुढं ठेवली आणि आली तशीच भिंतीकडून, सावली सांभाळत, परत गेली.

मी तिला हाक मारली नाही. सुनेला काही सांगितलं नाही. सुनेनं भाकर आणून दिली. मी भाजी खाल्ली आणि वाटी बोटानं पुसून घेतली.