बापूरावांच्या रेडिओत टेप

किस्से गोळा करावे लागत नाहीत. बंद रेडिओच्या आत धूळ बसते ना, तसे ते आपोआप बसतात. एखाद्या दुपारी मागची पाटी काढावी, फुंकर मारावी, की सगळे एकदम उन्हात तरंगायला लागतात.

वाशीमच्या बाजारात माझ्या काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मी अकोल्याहून बी.एस्सी. होऊन आले आणि म्हटलं, मी इथे बसणार. काका म्हणाले, "मंदे, बाईमाणूस पकडी-पान्ह्यात शोभते काय?"

मी म्हटलं, "शोभेसाठी कॅलेंडर लावा ना."

*

पोळा झाला आणि शेलूबाजारचे बापूराव आले. काकांचे जुने दोस्त. त्यांची मुलगी सुमन लग्न होऊन भिलाईला गेलेली. जावयाने नवीन कॅसेटचा टेपरेकॉर्डर पाठवला होता आणि एका कॅसेटमध्ये सुमन बोललेली. पण टेपचा स्पीकर एवढासा.

"पोरीचा आवाज चिमणीवानी येते," बापूराव म्हणाले. "ते माह्या रेडिओतून बोलली पायजे."

त्यांचा रेडिओ सुमनपेक्षा वयाने मोठा. लाकडी, पेटीएवढा.

काका म्हणाले, "रेडिओ आकाशातलं पकडते. त्याच्यात डब्बी बसवाची नसते."

मी म्हटलं, "बसते. मी बसवते."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बसव. जमलं तं इथं बस. माह्या दोस्ताचा रेडिओ बिघडला, तं कॉलेजचा कागद घे अन् घरी जाय. मंग अकोल्याच्या स्थळाले हो म्हन."

*

काम सोपं होतं. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढायची आणि रेडिओच्या आवाजाच्या बटणापर्यंत न्यायची. मी ती नेली, टेपच्या पत्र्याला बोट लावलं आणि स्टुलावरून खाली आले. असा झटका की दात वाजले.

काका पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "प्लग उलटा लाव."

लावला. झटका गेला. या जुन्या सेटच्या सांगाड्यातच वीज खेळते, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी खणातून झटका अडवून आवाज सोडणारे दोन कंडेन्सर काढून माझ्यापुढे सरकवले. "हे मधात टाक. मले मरेल माणसाच्या घरी जाची सवय नाई."

"आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठी?"

*

शेजारी सेठजींचं कापडाचं दुकान. ते कायद्याला फार जपून असतात. म्हणाले, "रेडिओले लायसन लागते. त्याच्या पोटात दुसरी मशीन टाकली, तं दोन लागतीन का?"

काकांनाही ते पटलं. मला पोस्टात पिटाळलं. खिडकीतल्या बाबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "पोटातल्याचं लायसन नसते बाई. बाहेर येऊ द्या, मंग पाहू."

*

खंडेनवमीला तारेला सोल्डरचा एकच डाग द्यायचा उरला होता. सकाळी येऊन पाहते तर काकांनी सोल्डरिंग आयर्नला झेंडूची माळ घातलेली. पकडी, पान्हे, सगळे ओळीत, हळदी-कुंकू लावून. आज कशालाही हात लावायचा नाही.

मी चिडले. अवजारांना हात लावायचा नाही ना? ठीक. मी बोटांनीच तारा पिळल्या. दुकानात धुपाचा धूर होता, त्या धुरातून सुमनचा आवाज मोठा, मऊ होऊन येऊ लागला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

काका पूजेचं ताट घेऊन आले. मला वाटलं, शाबासकी. त्यांनी माझी दहाही बोटं धरली आणि एकेकावर कुंकू लावलं.

"आता हे बी उद्यापरंत बंद."

*

सेट शेलूबाजारला गेला. आठ दिवसांनी बापूराव परत, चेहरा उतरलेला.

"मंदाबाई, जावई शेतकी खात्यात गेला काय?"

रेडिओचा काटा आकाशवाणीच्या स्टेशनवरच राहिला होता. सुमन म्हणे, "बाबा, मले रात्री लय उचकी लागते," आणि मागून एक धीरगंभीर पुरुष सांगे, "अशा वेळी निंबोळीचा अर्क फवारावा."

मी एक स्विच बसवून आकाश बंद केलं. काका म्हणाले, "एक झालं. आता दुसऱ्यांदा आला, तं तू घरी."

*

दिवाळीनंतर ते दुसऱ्यांदा आले.

"पोरगी आता एकटीच बोलते. रेडिओचं कळवलं, तं तिनं दिवाळीले नवी कॅसेट धाडली. पन तुह्यी तार पयलं वाक्य खाते. एकदम 'मी बरी आहो'पासून सुरू होते."

काकांनी पेपर मिटला. कोट घातला. आम्ही तिघे दुपारच्या गाडीने शेलूबाजारला गेलो. वाटभर मी खिडकीतून तुरीची पिवळी फुलं पाहत होते आणि मनात अकोल्याच्या त्या स्थळाचं नाक आठवत होते.

बापूरावांनी रेडिओ पुसला. टोपी नीट केली. मग एका हाताने रेडिओचं बटण फिरवलं, दुसऱ्याने टेपचं दाबलं. दोन्ही एकदम, समई लावल्यासारखं. टेप फिरू लागली. रेडिओ गप्प. बऱ्याच वेळाने जाळीतून आवाज उमलला, "...मी बरी आहो."

"पाह्यलं?" बापूराव म्हणाले.

मी कॅसेट मागे नेली. रेडिओ बंद ठेवून गार होऊ दिला. मग फक्त रेडिओ लावला. बापूरावांचा हात टेपकडे गेला, तो मी धरून ठेवला.

"थांबा."

अंगणात कापसाच्या ढिगावर मांजर झोपलं होतं. मागच्या फटीतून काचेच्या व्हॉल्व्हमधल्या तारा हळूहळू लाल होताना दिसत होत्या. आधी एक, मग दुसरी. स्टेशनांच्या काचेमागे पिवळा उजेड भरत गेला. रेडिओतून बारीक सरसर आली, दूर कुठे पाऊस पडत असल्यासारखी. तेव्हा मी टेप दाबली.

"बाबा, मी सुमन. तुमच्या रेडिओले गरम व्हाले टाइम लागते. आधी तो लावा, थांबा, मंग टेप लावा. नाईतं माह्यं हे बोलनं तुमाले ऐकू येनार नाई. मी बरी आहो."

बापूराव जाळीकडे वाकले.

"हाव माय," ते म्हणाले. "थांबलो."

परतताना फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे होतो. काकांनी कोटाच्या खिशातून दुकानाची किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि तुरीच्या शेताकडे पाहत म्हणाले,

"उद्या मले उशीर होईन."