न खुरपलेली पट्टी

सुमनताई गेल्या, हे त्यांच्या मुलाने, मनूने, मला फोनवर हिंदीतच सांगितलं. मराठी त्याला सगळी कळते, पण तोंडातून येते ती हिंदीच. "मौसी, माँ नहीं रहीं..." पिकलं वय, झोपेत आलेलं मरण. मी रडले, पण खंत उरली नाही.

माझा नवरा वायुदलात, सुमनताई पीएच.डी., कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या; चंदीगडला आम्ही शेजारी झालो. मूळच्या सोलापूरकडच्या, म्हणून ज्वारीवर भारी जीव. ज्वारीच्या कडब्यातून झिरपणारा रस तणाचं बी सहज रुजू देत नाही, मग फवारणीचं विष तरी कमी होईल, हा त्यांचा ध्यास. आमच्याकडे जेवायला आल्या तरी भाकरी हातात धरून हेच सांगायच्या. "ताई, आधी खा हो," मी म्हणायचे.

चंदीगडबाहेर खरड गावाजवळच्या एका सरदारजींनी गव्हाच्या शेतात त्यांना दोन पट्ट्या दिल्या होत्या. एकीत ओळींमध्ये कडबा पसरलेला, दुसरी मुद्दाम तशीच. तिच्यात तण माजू द्यायचं, तरच पहिलीतलं खरंखोटं कळणार. पंजाबातले ते दहशतीचे दिवस... बसगाड्या ओस, नाक्यानाक्यावर झडत्या. नेमका तण मोजायच्या वेळी कर्फ्यू लागला. सगळ्या वर्षाचं काम त्या दोन पट्ट्यांवर होतं आणि ताई अंगणात येरझारा घालत होत्या. कर्फ्यू उठला तशी मीही त्यांच्यासोबत गेले.

शेत दिसताच ताई बांधावरच थबकल्या. दोन्ही पट्ट्या लख्ख! सरदारजींच्या आई, बीजी, खुरपं घेऊन हसत पुढे आल्या. "तूं आ नहीं सकी, पुत्त. लोकी कहंदे सी, डॉक्टरनी दा खेत गंदा है. मैं सारा साफ कर दित्ता." उपटलेलं तण म्हशींनी केव्हाच फस्त केलं होतं.

मला वाटलं, आता या रडणार. पण त्यांनी बीजींचा मातीने माखलेला हात धरला. "बहुत मेहनत की आपने, बीजी. अब लस्सी पिलाओ." परतताना बसमध्ये मात्र डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, लोक दाराबाहेर पडायला घाबरतायत आणि ही बाई माझी लाज राखायला शेतात वाकली. हिला काय बोलू?"

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पेरणी झाली. या वेळी ताईंनी आधीच सगळं समजावलं होतं, म्हणून आता बीजीच बांधावर बसून त्या घाणेरड्या पट्टीची राखण करायच्या. कुणी खुरपं घेऊन फिरकलं की शिव्या. कडब्याच्या पट्टीत तण खरंच कमी उगवलं. "कमी हं, नाहीसं नाही," असं ताई प्रत्येकाला बजावायच्या, आणि चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

तेव्हापासून घरामागे त्यांचे कायम दोन वाफे. एकात कडबा, दुसरा मोकाट. परवा मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा मनूने माळी बोलावला होता. माळ्याने मोकाट वाफ्याकडे बोट दाखवलं, "ये साफ कर दूँ, साहब?" मी खुर्चीतून उठणार, तेवढ्यात मनू घाईने आडवा आला, आणि चक्क मराठीत म्हणाला, "राहू दे. आई ओरडेल."