रुसलेल्या चिमणीचा टाका

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, विणकाम करणाऱ्या बायकांची एक वेबसाइट चालवतात. नमुने फक्त सभासदांना, पासवर्ड घालूनच दिसायचे. त्यातच त्यांनी जिवापाड जपलेला एक टाका ठेवला होता, 'रुसलेली चिमणी'. कॉलेजात शेवटच्या बाकावर विणताना त्यांच्या हातून टाका सुटला, मैत्रिणीने तो भलतीकडूनच उचलला, आणि लोकर गाल फुगवून बसली. नाव दोघींनीच ठेवलं. पुढे मैत्रिणीचं लग्न झालं, आडनाव बदललं, नवऱ्याच्या बदल्यांमध्ये पत्ताही हरवला.

"शोधेल गं ती कधीतरी," वन्सं म्हणायच्या. स्वतःही अधूनमधून नेटवर ते दोन शब्द शोधून बघायच्या. पक्ष्यांचे फोटो यायचे, यांचं पान काही येईना.

शेवटी वेबसाइट बनवणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. त्या म्हणाल्या, "ताई, शोधणारं यंत्र येतं हो तुमच्या दारापर्यंत. पासवर्ड मागितला की मुकाट्याने परत जातं. त्याला आतलं दिसणार कसं?"

वन्संचा चेहरा पडला. "म्हणजे मी आत बसून वाट बघतेय, आणि कडी मीच लावलीय!"

"नमुना राहू दे सभासदांना. वरच्या चार ओळी तेवढ्या सगळ्यांना दिसू देत, यंत्रालाही. सांगा, काय लिहू?"

"नऊ नंबरच्या सुया, दोन पदरी लोकर..."

"मैत्रीण सुयांचा नंबर शोधत येणार आहे का?"

वन्सं मग हळूहळू सांगत गेल्या: रुसलेली चिमणी, शेवटचा बाक, माझा सुटलेला टाका तू उचललास.

काही आठवड्यांनी पान सापडू लागलं. लोकही येऊ लागले. त्यातले काही 'चिमणी दाणे का खात नाही' असं शोधत आले होते. "घ्या," मी म्हटलं, "आता पक्ष्यांचेही रुसवे काढा." वन्सं हसल्या, पण नजर पडद्यावरच.

काल त्यांनी बाईंना पुन्हा फोन लावला. त्या ओळींखाली कुणालाही दोन शब्द लिहिता यावेत, अशी चौकट हवी म्हणाल्या.

"वन्सं, विणणारी असेल तर सभासद होईलच की ती."

"आणि विणणं सुटलं असेल तर? डोळे अधू झाले असतील, हात थरथरत असतील. नमुना नको असेल गं तिला. 'मी आहे' एवढं तरी म्हणता यायला हवं ना तिला?"