भट्टीत वाकवलेला हूक

वजन उचलण्याचे हूक किती तऱ्हेचे असतात हे मला चंदीगडमध्ये एका सरदारजीने शिकवलं. डोळ्याचा, स्वतःभोवती फिरणारा, दोन तोंडांचा, तोंडावर खटका असलेला. मी सरकारी गोदामाचा इंजिनियर, बदलीवर गेलेला. तो माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या खलाशांचा मुकादम. नव्या हुकाच्या तोंडाच्या मापाची पत्र्याची पट्टी त्याच्या खिशात असे. पट्टी सैल बसली, म्हणजे ताणानं तोंड फाकलं, की हूक बाद.

दहशतवादाची वर्षं होती. नाकाबंदी, कर्फ्यू, लुधियान्याचा माल, त्यात नवे हूकही, आठवडे अडकलेला. तशात क्रेनच्या मोठ्या हुकात पट्टी सैल बसली.

"साहब जी, इसे कबाड़ में डालो. लोहा थक गया है."

"ट्रान्सफॉर्मर परसों उतारना है. अर्जंट चिट्ठी आई है."

"लोहे को चिट्ठी पढ़नी नहीं आती, जी."

खलाशी हसले. ते मला झोंबलं. त्याला दुसऱ्या कामावर पाठवून मी हूक लोहाराकडून तापवून, ठोकून मापात आणला, वर पिवळा रंग फासला आणि तपासणीच्या वहीत 'योग्य' लिहून सही केली. असा हूक वापरायचा नसतो हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तो तुटला. ट्रान्सफॉर्मर ट्रक ड्रायव्हरच्या पायांवर पडला, पाय गेले.

पोलिसांना त्या काळात अपघाताआधी घातपात दिसे. हुकाला शेवटचा हात कुणी लावला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सरदारजी कल सुबह उसके पास बैठा था."

बसला होता हे खरं. रंग खरवडून खाली काय केलंय ते बघत होता. हे मी सांगितलं नाही. त्याला माझ्यासमोरच नेलं.

घरी बायको म्हणाली, "आपण परकी माणसं. आज ना उद्या बदली होईल. तुम्ही कशाला मध्ये पडता?" मी मध्येच होतो, हे तिलाही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी पुराव्याअभावी तो सुटला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नोकरी गेलीच होती. गोदामाच्या फाटकावर भेटला, तेव्हाही मला 'साहब जी'च म्हणाला.

"नौकरी नहीं माँगता. बस इतना लिख दो कि मैंने मना किया था. गाँव में लोग मेरे बच्चों से बात नहीं करते."

"देखते हैं," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. निरोपाला खलाशांनी दिलेली बर्फी मी खाल्ली.

निवृत्तीनंतर चौकशी केली तेव्हा तो वारलेला होता. आज लिहून देतो. त्याने मनाई केली होती. हूक मी पास केला आणि संशय मी त्याच्यावर ढकलला. हे मी मराठीत लिहितो आहे. त्याच्या गावात ते कुणी वाचणार नाही. ते मला सोयीचं आहे, हेही खरंच आहे.